ॲशचा शेंडा विरळ झालाय? खत बाजूला ठेवा

ॲश म्हणजे थंड प्रदेशातलं एक पानझडी झाड. त्याचा शेंडा विरळ, बुंध्यापाशी मात्र फुटव्यांचं रान, आणि तुम्ही विचारताय खत कोणतं घालू. सध्या कोणतंच नको. झाड उत्तर अमेरिकेत असेल तर पहिला संशय एमराल्ड ॲश बोररवर घ्यायचा. हा हिरवा चकचकीत भुंगेरा तिथे २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात. पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, पाणीही नीट वर चढत नाही, म्हणून झाड शेंड्याकडून वाळत येतं.

आधी झाड ॲशच आहे ना, ते बघा. फांद्या समोरासमोर फुटलेल्या हव्यात आणि पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक छोट्या पर्णिका. माउंटन ॲशची पानं एकाआड एक असतात. तो ॲश नव्हेच, त्याला हा किडा लागत नाही. मग सालीवर ३-४ मिमीची भोकं शोधा, एक बाजू सपाट, दुसरी गोल. ती सुरुवातीला उंचावर असतात, त्यामुळे खालून दिसली नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. सुतारपक्ष्यांनी साल सोलून फिकट चट्टे पाडले असतील तर ती जास्त भरवशाची खूण.

आता खरा निर्णय. पर्णसंभारातला ३० टक्क्यांहून कमी भाग गळून गेला असेल तर उपचाराला अर्थ आहे. त्यापुढे औषध वर पोचवणाऱ्या वाहिन्याच तुटलेल्या असतात. मोठ्या झाडाला खोडातून इमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन, तेही प्रशिक्षित माणसाकडूनच. साधारण दोन वर्षं पुरतं. पानं पूर्ण फुटल्यावर, वसंताच्या शेवटी द्यायचं. जमीन कोरडी असेल तर आधी खोलवर पाणी द्या, नाहीतर औषध वर चढत नाही. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक मुळाशी ओतणं स्वस्त पडतं, पण दरवर्षी करावं लागतं, जाड खोडाला अपुरं पडतं, आणि आसपास फुलझाडं असतील तर मधमाश्यांचा जीव जाऊ शकतो. मी तरी टाळेन.

थंड, ओल्या वसंतात तपकिरी डाग पडून पानं गळली तर तो बहुधा अँथ्रॅक्नोज हा बुरशीचा रोग. पानं पुन्हा फुटतात, फवारणीची गरज नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंमी, खोडाला न टेकवता. छाटणी हिवाळ्यातच.

झाड हाताबाहेर गेलं असेल तर तोडायला उशीर करू नका. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो, मग त्यावर चढायला कुणी धजावत नाही. आणि ते सरपण दुसऱ्या गावाला नेऊ नका. किडा त्यातून लांबचा प्रवास करतो.