तुमचे प्रश्न : वही बघून लोक दार लावतात

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली सात-आठ पोरंपोरी, गावच्या शेतांचा इतिहास गोळा करतोय, निव्वळ हौस म्हणून. ऑनलाइन सातबारे काढले पण त्यात आत्ताचे मालक नि गट नंबर, मागे जाताच येईना. आणि वही घेऊन दारात गेलं की लोक म्हणतात, "कशाला पायजे रे, मोजणी आणतोयस का?"

उत्तर : लोक बिचकणारच की, जमिनीबद्दल लिहून घेणारा माणूस आजवर बांधाचं भांडणच घेऊन आलेला असतो. म्हणून मालक कोण, वाटण्या कशा झाल्या हे पहिल्या भेटीत विचारूच नका. शेताचं नाव विचारा. तुम्ही काढलेले उतारे परत बघा, त्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे, आणि पैज लावते, बहुतेक कोराच असेल. तो भरायला आजी पुरतात. त्या 'चिंचेची पट्टी' म्हणाल्या की चिंच कुठाय विचारायचं, मग ती कधी पडली, कुणी पाडली, भाऊ-भाऊ तेव्हा एकत्र होते का, हे सगळं न विचारता येतं, तुम्ही फक्त चहा गार होऊ द्यायचा. नावं माणसांपेक्षा चिवट असतात हो. मराठेशाहीतल्या थळझाड्यांत म्हणजे शेतांच्या यादीत सुद्धा नांदत्या घराण्यांबरोबर गतकुळांची थळं सापडतात, घराणं संपलं तरी शेत त्याच्याच नावाने.

आता कागद. तुम्ही अडलात कारण गट नंबर हा तसा नवा. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने जिथे विखुरलेल्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा, त्यात जुना-नवा नंबर जुळवता येतो. मग जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर, धरून एकेक पायरी मागे जायचं, कंटाळवाणं आहे पण नशा पण चढते.

एका ठिकाणी मात्र जपून. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं मालक मानली गेली, त्यामुळे पुढच्या वर्षांत फेरफारांत '३२ ग' चे, म्हणजे त्या कायद्यातल्या किंमत ठरवण्याच्या कलमाचे, शेरे दिसतील नि नाव बदललेलं दिसेल. ती साधी खरेदी नाही. किंमत ठरली, हप्ते पडले, काही ठिकाणी कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जुन्या मालकाचं नि कुळाचं अशी दोन्ही घरं आजही एकाच गावात राहतात. दोघांकडे जाऊन ऐका, लिहिलेलं दोघांना वाचून दाखवा, मगच चावडीवर लावा. एकाचंच लिहिलंत तर पुढच्या दारात वही उघडायची सोय राहणार नाही.

प्रश्न : घरात मोडीतला कागद सापडला, वाचून घेतला तर 'सन १२४२ फसली' आणि 'अर्धा चाहूर' असं निघालं. म्हणजे किती साल, किती एकर?

उत्तर : फसली म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, त्यात ५९० मिळवा, १८३२ च्या आसपास येईल. चाहूर हे जमिनीचं जुनं माप, म्हणजे १२० बिघे, तर अर्धा ६० बिघे. एकरात मात्र करू नका, बिघा गावागणिक नि जमिनीच्या प्रतीप्रमाणे बदलायचा, आकडा छान दिसेल पण खोटा असेल. १८३५-३६ ला गोल्डस्मिड-विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन-पाहणी इंदापुरात सुरू झाली आणि मग एकर-गुंठे हळूहळू गावोगाव पसरले, तुमचा कागद त्याच्या थोडा आधीचा. आणि हो, लॅमिनेशन करू नका त्याचं! घडी उलगडून सपाट ठेवा, फोटो काढा दोन्ही बाजूंचे, मागच्या बाजूला पण कधीकधी शेरा असतो.