आरमध्ये लिस्टमधल्या आकड्यांची सरासरी काढली की एनए का येतं?

भाऊ, तुम्ही लिहिलं की आर या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेत लिस्टमध्ये कापसाचे तीन वेचे भरलेत, पण सरासरी काढली की एनए (म्हणजे ‘आकडा उपलब्ध नाही’) येतं, अन् नवे आकडे टाकले तर त्यातला पहिलाच राहतो. दोन्हीची गोम एकच आहे. जिथं चौकोनी कंस दुहेरी पाहिजे तिथं तुम्ही एकेरी दिला.

(कोड इथं देवनागरीत लिहितो. तुम्ही टाइप करताना तुमच्या फाइलमधली नावं, आरचे शब्द इंग्रजीत (mean, sum, c, list, names, NULL) अन् इंग्रजी आकडेच घाला.)

लिस्टचं नाव शेत धरू. आत कापूस, तूर, हरभरा. ही लिस्ट म्हणजे गाठोडी भरलेली बंडी. शेत["कापूस"] म्हटलं की आर कापूस देत नाही. तो दुसरी लहान बंडी जुंपतो अन् त्यात कापसाचं एकच गाठोडं ठेवून तुमच्यासमोर उभी करतो. मीन या सरासरीच्या फंक्शनला बंडीची सरासरी काढता येत नाही, म्हणून ते इशारा देऊन एनए म्हणतं. बेरीज करणारं सम तर सरळ एररच देतं. शेत[["कापूस"]] म्हटलं की गाठोडं सुटतं, ३, ५, ४ क्विंटल हाती येतात अन् सरासरी ४.

भरतानाही हेच. (सी म्हणजे आकडे एकत्र बांधणारं फंक्शन, अन् बाण म्हणजे उजवीकडचं डावीकडं भर.) शेत["कापूस"] <- सी(३, ५, ४) लिहिलं की एका गाठोड्याच्या जागी तीन गाठोडी आली असं आर समजतो. पहिलं ठेवतो, बाकी टाकून देतो. लाल अक्षरात इशारा येतो, पण तो वाचतो कोण! शेत[["कापूस"]] <- सी(३, ५, ४) लिहा. नुसता दुसरा वेचा बदलायचा असेल तर शेत[["कापूस"]][२] <- ६.

डॉलरचं चिन्ह सोपं वाटतं, पण ते मोठं चालू आहे. शेत$काप एवढंच लिहिलं तरी कापूस मिळतो, कारण वाचताना त्याला अर्धं नाव चालतं. लिहिताना मात्र चालत नाही. शेत$काप <- ७ केलं की "काप" नावाचं नवंच गाठोडं तयार होतं अन् कापूस होता तसाच राहतो. लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, तर डॉलर वापरूच नका. पीक या चलात "तूर" असली तरी शेत$पीक हे "पीक" नावाचंच गाठोडं शोधतं. तिथं शेत[[पीक]] लिहा.

माझी स्वतःची फजिती नलनं, म्हणजे आरमधल्या ‘काहीच नाही’नं, केली. आमच्याकडं पऱ्हाटीत तूर असते, ती कापसाच्या मागून निघते. गावातल्या शेतकरी गटाचा हिशेब करताना तूर अजून घरी आली नाही म्हणून मी शेत[["तूर"]] <- नल करून ठेवलं. तूरच उडाली! हरभरा तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर सरकला अन् मी पुढं नंबरानं बोलावत होतो, म्हणून हरभऱ्याचे क्विंटल तुरीच्या नावावर छापून गेले. जागा राखून आत नल ठेवायचं असेल तर एकेरी कंस घेऊन शेत["तूर"] <- लिस्ट(नल). एकेरी कंस कामाचा आहे तो असा.

एवढं करूनही एनए आलं तर नेम्स(शेत) चालवून नावं पाहा. दुहेरी कंसात चुकीचं नाव दिलं तर आर ओरडत नाही, गुपचूप नल देतो, अन् नलची सरासरी पुन्हा एनएच. एकदा मी "कापूस" मधला पू ऱ्हस्व लिहिला होता, सापडेपर्यंत दोनदा लाइन जाऊन आली.