आधी गटार, मग मत

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल मिळाला. भर उन्हात सॅन अँटोनिओच्या वेस्ट साइडची घरं पालथी घातलीत आणि हाती लागले मतदार नोंदणीचे मूठभर फॉर्म. वर तू लिहितेस, ‘मावशी, या लोकांना राजकारणाचं काही पडलेलंच नाही.’ हे वाक्य आधी डोक्यातून काढ. ज्या गल्ल्यांतून तू फिरलीस, त्यांनी अख्ख्या टेक्ससला राजकारण शिकवलंय. कॉलेजात कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

१९७४ सालची गोष्ट. सॅन अँटोनिओच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्त्यांत जोराचा पाऊस आला की रस्त्यांचे ओढे व्हायचे. पाणी घरात शिरायचं, मुलं चिखल तुडवत शाळेत जायची. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या योजना वर्षानुवर्षं कागदावर पडून होत्या आणि पैसा मात्र उत्तरेकडच्या नव्या वसाहतींकडे वळायचा. एर्नेस्टो कोर्तेस हा याच गावचा मुलगा. शिकागोला संघटनेचे धडे गिरवून तो परत आला होता. चळवळीतल्या तरुणांच्या तोंडी तेव्हा भेदभाव, अत्याचार असे मोठाले शब्द असायचे, आणि ते खोटे नव्हतेच. पण हा माणूस घरोघरी एकेकाला भेटून विचारत सुटला, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? उत्तर आलं, गटाराचा.

त्यातून ‘कॉप्स’ उभी राहिली, कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस. कोर्तेसने माणसं कुठून उचलली ते बघ. भाषणं ठोकणाऱ्यांच्या वाटेला तो गेलाच नाही. चर्चची जत्रा असते ना, तिकडे तिला हामायका म्हणतात, ती दरवर्षी बिनबोभाट पार पाडणाऱ्या बायका त्याने हेरल्या. कोणाकडून किती पैसे येतील, मक्याचे तमाले कोण करणार, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आपल्याकडे गणेश मंडळाचा खजिनदार असतो, तशी ही माणसं. गल्लीत कोण कोणाचं ऐकतं ते त्यांनाच ठाऊक. तुमच्या गटात अशी एक तरी बाई आहे का? तुझ्या ईमेलवरून तरी सगळे विद्यार्थीच दिसतात. उत्साह दांडगा आहे, पण त्या गल्लीत तुम्हाला ओळखतं कोण?

या बायकांनी काय केलं, तर नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना शेकडो लोकांसमोर बोलावून हिशेब मागितला आणि त्याच वर्षी गटारांसाठी शहराचे कर्जरोखे मंजूर करून घेतले. पुढे १९७५ मध्ये गावचे बडे व्यापारी दाद देईनात, तेव्हा त्या थेट फ्रॉस्ट बँकेत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. डॉलर द्यायचे, सुट्टी नाणी घ्यायची, पुन्हा रांगेच्या टोकाला जायचं आणि तीच नाणी देऊन डॉलर मागायचे. बँकेचं कामकाज ठप्प! जॉस्केज नावाच्या भल्यामोठ्या दुकानात दुसऱ्या जथ्याने कपडे अंगाला लावून बघायला सुरुवात केली. बघितले भरपूर, घेतलं काहीच नाही. कायदा कुठे मोडला सांग बरं? मला हा प्रसंग भारी आवडतो. घोषणा देऊन घसा बसवण्यापेक्षा शंभरपट हुशारीचं काम.

आता मताकडे येते. वेस्ट साइडच्याच विली वेलास्केझने १९७४ मध्येच साउथवेस्ट व्होटर रजिस्ट्रेशन एज्युकेशन प्रोजेक्ट हा मतदार नोंदणीचा उपक्रम सुरू केला. ‘सु वोतो एस सु वोस’, म्हणजे तुमचं मत हाच तुमचा आवाज, ही घोषणा तू भिंतींवर पाहिली असशील. तो गावोगाव जायचा, पण मोहीम त्या गावच्या समितीनेच चालवायची हा त्याचा दंडक. आणि नोंदणीसाठी विषय कुठला, तर त्या गावचा कच्चा रस्ता, तिथली शाळा. वॉशिंग्टनचं बघू नंतर. १९८८ मध्ये तो ऐन उमेदीत गेला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मरणोत्तर ‘मेडल ऑफ फ्रीडम’ हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला तो १९९५ मध्ये.

नुसत्या नोंदणीनेही भागत नव्हतं, हे तुझ्या मित्रांना माहीत असायला हवं. तेव्हा सॅन अँटोनिओत सगळे नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडले जायचे. वेस्ट साइडने शंभर टक्के मतदान केलं असतं तरी उत्तरेकडच्या मतांखाली ते बुडालं असतं. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याच्या खास देखरेखीखाली टेक्सस आलं, केंद्राच्या न्याय खात्याने शहरावर आक्षेप घेतला आणि १९७७ मध्ये वॉर्डनिहाय निवडणूक सुरू झाली. पहिल्याच फटक्यात अकरा जणांच्या सभागृहात पाच मेक्सिकन-अमेरिकन आणि एक कृष्णवर्णीय असं बहुमत बसलं. तेव्हा वॉर्डाची हद्द कोण आखतं याच्यावर डोळा ठेवा. विषय रुक्ष आहे, बैठकीला कुत्रंही फिरकत नाही, म्हणून तर तिथे जायचं.

आता दारावरचं बोलू. तुझ्या तोंडावर दार लावणाऱ्या आजीचा तुला राग आलाय. तिच्या तरुणपणी टेक्ससमध्ये मत द्यायला १ डॉलर ७५ सेंट पोल टॅक्स भरावा लागायचा. राज्याच्या निवडणुकांतून तो गेला १९६६ मध्ये. अलीकडची गोष्ट म्हणजे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या तपास यंत्रणेने मतांच्या गैरव्यवहाराच्या तपासासाठी याच भागात लुलाक या लॅटिनोंच्या जुन्या संघटनेच्या वयोवृद्ध कार्यकर्त्यांच्या घरांची झडती घेतली. अशा गावात क्लिपबोर्ड घेऊन आलेल्या अनोळखी पोरीला कोण ‘ये, बस’ म्हणणार?

शिवाय एकाच घरात नातू नागरिक, मुलगी ग्रीन कार्डवर आणि आजोबांकडे कागदच नाही, असं सर्रास असतं. त्यामुळे कुणालाही फॉर्म भरायचा आग्रह म्हणून करायचा नाही. नागरिक नसलेल्या माणसाने चुकून सही केली तर त्याचं इथलं बस्तान उठू शकतं. ‘फक्त नागरिकांनाच भरता येतो’ हे आधी स्पष्ट, सौम्यपणे सांग, आणि कोण काय आहे याची चौकशी करत बसू नकोस. ज्यांना मत देता येत नाही ती मुलं कामाची नाहीत असंही समजू नकोस. अ‍ॅरिझोनात स्थलांतरितांच्या हात धुऊन मागे लागलेला शेरीफ, म्हणजे निवडून येणारा पोलीस प्रमुख, अर्पायो २०१६ मध्ये हरला. त्याच्या विरोधात दारोदार फिरणाऱ्यांत असे कितीतरी होते ज्यांना स्वतःला मतदानाचा हक्कच नव्हता.

व्हॉलंटियर डेप्युटी रजिस्ट्रारचं, म्हणजे लोकांचे फॉर्म गोळा करायची परवानगी असलेल्या स्वयंसेवकाचं, प्रशिक्षण तुम्ही सगळ्यांनी घेतलंय ना? कुणी एकाने जरी घेतलं नसेल तरी त्याला फॉर्मला हात लावू देऊ नकोस. नेमणूक काउंटीपुरती, म्हणजे जिल्ह्यापुरती, असते. तुमच्या सॅन अँटोनिओच्या बेअर काउंटीची नेमणूक घेऊन ऑस्टिनला राहणाऱ्या चुलतभावाचा फॉर्म घेता येत नाही. घेतलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती द्यायची आणि पाच दिवसांच्या आत तो कचेरीत पोचवायचा. तुम्ही म्हणे फॉर्म गाडीच्या डिकीत साठवून एकदम नेता. हे अजिबात चालायचं नाही.

आणि दारापेक्षा हायस्कूल बघ. टेक्ससचा कायदाच आहे की मुख्याध्यापकांनी वर्षातून किमान दोनदा पात्र विद्यार्थ्यांना नोंदणीचा अर्ज द्यायचा. वय १७ वर्षं १० महिने झालं की अर्ज करता येतो. पुष्कळ शाळा हे विसरतात. तुम्ही भांडायला जाऊ नका, फॉर्मचा गठ्ठा आणि एक ओळखीची शिक्षिका घेऊन जा. जोल्ट नावाच्या तरुणांच्या संघटनेने तर किन्सेआनेराच्या समारंभातच नोंदणीचं टेबल लावायची शक्कल काढली. पंधरा वर्षांच्या मुलीचा सोहळा, सगळं गणगोत जमलेलं, हातात ताट. याहून चांगला मुहूर्त कुठला?

एक ताकीद. ही मतं अमुकच पक्षाची, असं गृहीत धरून बोलू नकोस. मेक्सिकोच्या सीमेवरची स्टार काउंटी जवळजवळ संपूर्ण लॅटिनो. तिथे १८९२ नंतर राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार जिंकला नव्हता. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. तुझ्या मित्रांना ते आवडलं नसेल, पण लोक आपल्या खिशातले नाहीत हे त्यातून कळायला हवं. तुमची संस्था धर्मादाय असेल तर उमेदवाराचा प्रचार करायला कायद्यानेच बंदी आहे. कॉप्सही कुणाला पाठिंबा देत नसे. सगळ्या उमेदवारांना भरसभेत उभं करून एकच प्रश्न विचारायचे, हे काम करणार का, हो की नाही? भाषणाला परवानगी नाही.

तुझ्याबद्दलही बोलते. तू टेक्ससात जन्मलीस, नागरिक आहेस, पण त्या मोहल्ल्याची नाहीस. म्हणून माइक हातात घेऊ नकोस. टेबल मांड, याद्या नीट ठेव, कोणाच्या घरी कशाची अडचण ऐकलीस ते त्याच संध्याकाळी लिहून काढ. मागच्या आठवड्यात ज्यांनी ‘आमच्या कोपऱ्यावर दिवाच लागत नाही’ असं सांगितलं, त्यांच्याकडे या शनिवारी फॉर्म न घेता जा. नगरसेवकाच्या कचेरीत फोन कोण करणार ते त्यांनाच ठरवू दे. फोन तू करायचा नाहीस, त्यांनी करायचा. तू शेजारी बस.

डिकीतले फॉर्म मात्र उद्याच्या उद्या पोचव.

तुझी,
मावशी