उतारावर न्यूट्रल: पेट्रोल वाचतं का?

प्रश्न: माझे सासरे गेली कित्येक वर्षं गाडी चालवतात. उतार लागला की ते गाडी न्यूट्रल करतात, रस्ता मोकळा असला तर इंजिनही बंद करतात. मी घाट गिअरमध्येच उतरते. मग ते शेजारी बसून चुळबुळ करतात, "काटा बघ, 3000 वर गेलाय, नुसती पेट्रोल पितेय!" गाडी पेट्रोलची, पाच गिअरची, 8 वर्षांची आहे. खरं कोणाचं? आणि त्यांच्या पद्धतीत धोका आहे का?

उत्तर: खरं तुमचं. पण सासऱ्यांना वेड्यात काढू नका, त्यांची सवय ज्या गाडीवर पडली त्या गाडीत ती बरोबर होती.

जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर असायचा. अशा इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी पेट्रोल थोडं थोडं ओढलं जायचंच. इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या (तुमचा 3000 चा काटा त्याच दाखवतो) जास्त, तर ओढ जास्त. न्यूट्रल केलं की फेऱ्या उतरायच्या आणि पेट्रोल खरोखर वाचायचं. टू-स्ट्रोक इंजिनाची तर वेगळीच अडचण होती. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं; लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरमध्ये पळवली की पेट्रोल कमी आणि म्हणून ऑइलही कमी, पिस्टन कोरडा पडायचा. साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत यासाठी फ्रीव्हीलच बसवलं होतं, पाय उचलला की चाकं इंजिनापासून आपोआप सुटी.

तुमच्या गाडीत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या, आहेत. गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आणि फेऱ्या पुरेशा, एवढं जमलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. थेंबभरही पेट्रोल जात नाही. काटा 3000 वर असतो, कारण तेव्हा इंजिन गाडीला ओढत नसतं, गाडी इंजिनाला फिरवत असते. सासऱ्यांना ऐकू येतो तो आवाज फुकटचा. फेऱ्या साधारण 1200-1500 च्या खाली आल्या की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. लक्ष दिलंत तर त्या क्षणी गाडी हलकेच पुढे ढकलल्यासारखी वाटते.

न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला हवं, आणि त्याला पेट्रोल लागतं. लहान गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. पंधरा मिनिटांचा उतार म्हणजे जवळपास 200 मिली. थोडंच, पण वाचवायला निघालो होतो ना!

एक अपवाद मान्य करतो. उतार इतका मंद असेल की गिअरमध्ये गाडी रेंगाळते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावा लागतो, तिथे न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब जाते आणि चार थेंब वाचतातही. काही नव्या गाड्या हे स्वतःच करतात, पण ब्रेकला पाय लागताच गिअर परत जोडतात. हाताने ते तेवढ्या चपळाईने होत नाही.

आता धोका. माणसांसकट 1200 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्यात 17-18 लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठेतरी जाणारच. थोडी हवा खाते, गिअरमध्ये असाल तर बरीचशी इंजिन खातं, आणि न्यूट्रलमध्ये उरलेली सगळी ब्रेकच्या माथी.

मी आता ड्रायव्हिंग शिकवतो, पण हे शिकलो ते अंगावर बेतल्यावर. पाच माणसं, डिकी भरलेली, लांब घाट, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय ब्रेकवर हलका पण सतत. आधी जळक्या लायनरचा वास आला. मी खिडकी वर केली, म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणांनंतर ब्रेक दाबला तर स्पंजावर पाय दिल्यासारखं झालं आणि पेडल जवळजवळ तळाला गेलं. पेडल भराभर पंप करत तिसरा, मग दुसरा गिअर घातला. इंजिन किंचाळलं, पण गाडी धरली. थांबून पाहिलं तर पुढच्या डिस्कवर निळसर झाक, आणि चाकाजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने पेडल पहिल्यासारखं घट्ट! गॅरेजमध्ये म्हणाले, ब्रेक तर छान आहेत. ब्रेक ऑइल तापून उकळलं होतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल बसतं, आणि गार झालं की पुरावाच उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 या प्रकारचं ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, ओलावा मुरल्यावर 140 च्या आसपासही उकळू शकतं. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं आणि हेच सगळे विसरतात.

इंजिन बंद करणं तर साफ बंद करायला सांगा. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनावर चालतो. बंद इंजिनात दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं, आणि चुकून चावी निघाली तर लॉकही होईल.

तुम्ही चढताना जो गिअर घालाल, साधारण त्यातच उतरा. ब्रेक घट्ट दाबून वेग पाडा आणि सोडून द्या, सतत घासत ठेवू नका. सासऱ्यांना बोलून पटायचं नाही. त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा आकडा तुमच्या डॅशबोर्डवर असेल तर त्यांनाच शेजारी बसून पाहू द्या. गिअरमध्ये पाय उचलला की तो कमाल आकड्याला जाऊन बसतो, न्यूट्रल केलं की खाली येतो.

प्रश्न: स्कूटरला गिअरच नाहीत. मग उतारावर काय करायचं?

उत्तर: वेग फार कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि स्कूटर न्यूट्रलसारखी मोकळी धावते. किंचित थ्रॉटल दिलात की क्लच पुन्हा धरतो, मग मूठ सोडा, इंजिनाची ओढ मिळेल. ती ओढ मोटारीइतकी नसते, म्हणून ब्रेक दोन्ही वापरा आणि वळणाच्या आधीच वापरा.