बाळाला अंगावर पाजलं की ब्रेस्ट कॅन्सर होतच नाही, हे खरं आहे का?

होतच नाही असं नाही, धोका थोडा कमी होतो एवढंच. २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दर १२ महिने पाजण्यामागे धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि हे महिने सगळ्या बाळांचे मिळून धरायचे. पण "मी तर पाजतेय, मला काय होतंय" म्हणून गाठ अंगावर काढू नका हां! दूध साचून झालेली गाठ दुखते, पाजल्यावर, हलकं शेकल्यावर बहुतेक दोन-चार दिवसात विरते. आठवडाभर तशीच राहिली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली किंवा निपलमधून रक्त आलं तर सरळ डॉक्टरकडे जा, सोनोग्राफीसाठी पाजणं थांबवावं लागत नाही. आणि दूध आलंच नाही म्हणून उगाच अपराधी वाटून घेऊ नका.