मॉस्कोच्या दारातले त्वेर: व्होल्गाकाठचे हे गाव कसे आहे?

आपण विचारले आहे की मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाताना त्वेर नावाचे स्टेशन लागते आणि पंधराव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला अफनासी निकितिन याच गावचा होता असे म्हणतात, तर हे गाव कसे आहे, त्याचा इतिहास काय, आणि तेथे मुद्दाम उतरावे का. मी वैद्यकीय शिक्षणासाठी सहा वर्षे त्वेरमध्ये राहिलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. उतरावे, हे मात्र आधीच सांगून टाकतो.

त्वेर मॉस्कोच्या वायव्येला सुमारे १७० किलोमीटरवर आहे. व्होल्गेचा उगम याच प्रांतात होतो, त्यामुळे खालच्या अंगाला समुद्रासारखी पसरणारी ही नदी येथे अजून माणसाच्या आवाक्यातली आहे आणि पलीकडच्या काठावरून चालणारा माणूस अलीकडून स्पष्ट दिसतो. गावातच तिला डावीकडून त्वेर्त्सा आणि उजवीकडून त्माका अशा दोन नद्या मिळतात. ‘त्वेर म्हणजे मॉस्कोचे दार’ अशी एक रशियन म्हण आहे. मूळ म्हणीत ‘त्वेर’ला ‘द्वेर’ या शब्दाचे यमक आहे आणि हा ‘द्वेर’ म्हणजे आपल्या ‘द्वार’ शब्दाचा सख्खा भाऊच आहे. मराठी माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. गावकऱ्यांना मात्र ती फारशी रुचत नाही, कारण एके काळी कोण कोणाचे दार होणार हे ठरायचे होते.

ती गोष्ट तेराव्या-चौदाव्या शतकांतली आहे. मंगोल स्वाऱ्यांनी रूसच्या, म्हणजे त्या काळच्या रशियाच्या, पूर्वेकडची जुनी नगरे उजाड केल्यावर लोक पश्चिमेकडे सरकले आणि त्वेर वाढू लागले. उत्तरेकडच्या नोव्हगोरोद या व्यापारी नगराला जाणारे धान्य व्होल्गेतून त्वेर्त्सामार्गे वर चढत असे, म्हणजे त्वेरच्या राजाने नाके बंद केले की नोव्हगोरोद उपाशी पडे. १२८५ मध्ये येथे तारणहार येशूच्या नावाने जे चर्च बांधायला घेतले, ते मंगोल आक्रमणानंतर ईशान्य रूसमध्ये उभे राहिलेले पहिले दगडी चर्च होते. त्वेरचा राजा मिखाईल यारोस्लाविच याला मंगोल खानाकडून महाराजपदाची, म्हणजे रूसच्या राजांतल्या थोरल्या पदाची, सनदही मिळाली आणि १३१७ मध्ये बोर्तेनेवोच्या लढाईत त्याने मॉस्कोच्या यूरीचा पराभव केला. पण यूरीची बायको ही त्या वेळचा मंगोल खान उझबेक याची बहीण होती. ती त्वेरमध्ये कैदेत असताना मरण पावली, विष घातल्याचा आरोप मिखाईलवर आला आणि पुढच्याच वर्षी खानाच्या छावणीत त्याला ठार करण्यात आले. लढाई जिंकलेला माणूस दरबारात हरला. गावाने त्याला संत मानले.

१३२७ चे बंड मात्र राजाचे नव्हते, गावाचे होते. खानाचा नातलग चोल खान लवाजम्यासह त्वेरमध्ये येऊन राहिला होता आणि लोक धुसफुसत होते. बखरीत असे नोंदले आहे की १५ ऑगस्टच्या सकाळी दुद्को नावाचा चर्चमधला एक सेवक आपली तरुण, चांगली गुबगुबीत घोडी व्होल्गेवर पाणी पाजायला घेऊन निघाला असताना चोल खानाच्या माणसांनी ती हिसकावली, तेव्हा त्याने ‘त्वेरकरहो, मला टाकू नका’ अशी आरोळी ठोकली. घंटा वाजल्या, गाव धावून आले आणि चोल खान त्याच्या माणसांसह मारला गेला. याची किंमत भयंकर होती. मॉस्कोचा राजा इवान कलिता खानाची फौज घेऊन आला आणि त्वेरची जाळपोळ झाली. बारा वर्षांनी त्याने त्या दगडी चर्चची घंटासुद्धा काढून मॉस्कोला नेली. घंटा नेणे म्हणजे गावाचा आवाजच नेणे, हे त्या काळच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नसे.

निकितिन निघाला तो याच दगडी चर्चपासून. आपल्या प्रवासाच्या टिपणाच्या सुरुवातीलाच त्याने ‘सोनेरी कळसाच्या तारणहारापासून’ निघाल्याचे लिहिले आहे. १४६८ च्या सुमारास त्वेरच्या राजाचे आणि बिशपचे परवाने घेऊन तो व्होल्गेने खाली गेला, आस्त्राखानजवळ लुटला गेला, आणि रिकाम्या हाताने परत जाण्यापेक्षा इराण, होर्मुझ असे करत विकायला एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरच्या पावसाचे, चिखलाचे आणि घोड्यांना हरभरा व साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी चारण्याचे त्याने केलेले वर्णन आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. तेथेच बहमनी सरदार असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्यासाठी चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी सद्गृहस्थाने रदबदली केली म्हणून तो सुटला. मला राहून राहून दुद्कोची घोडी आठवते. त्याच्या हाकेला सारे गाव धावले होते आणि या त्वेरकराला हाक मारायला जवळ कोणीच नव्हते. पुढे त्याने रशियन सोडून तुर्की मिश्रित भाषेत, बहुधा कोणाला सहज वाचता येऊ नये म्हणून, असे लिहून ठेवले की रूससारखी भूमी जगात नाही, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत. हे त्वेरच्या माणसाचे वाक्य आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा कडवटपणा कळतो. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. त्याच्या मागे दहा-बारा वर्षांत, सप्टेंबर १४८५ मध्ये, मॉस्कोच्या तिसऱ्या इवानच्या सैन्याने वेढा दिल्यावर त्वेरचा शेवटचा राजा रात्रीतून लिथुएनियाला पळून गेला आणि राज्य संपले.

त्यानंतर त्वेरचे काय करायचे हे नेहमी इतरांनीच ठरवले. १५६९ मध्ये इवान द टेरिबलने नोव्हगोरोदवर जाता जाता ते लुटले आणि तेथल्या ओत्रोच मठात नजरकैदेत असलेला धर्मगुरू फिलिप याचा गळा आवळून खून झाला. १७६३ च्या आगीत गावाचा मध्यभाग भस्मसात झाला, तेव्हा कॅथरीन राणीने सरकारी खजिन्यातून पैसे देऊन ते नव्याने आखून घेतले. आज दिसते ते त्वेर मुख्यतः या आखणीतले आहे. चौकातून तीन रस्ते त्रिशूळासारखे फुटतात, एक चौक अष्टकोनी आहे, मॉस्को आणि पीटर्सबर्ग या दोन्ही राजधान्यांच्या मध्ये मुक्कामासाठी बांधलेला राजवाडा आहे, आणि नदीकाठची दुमजली-तिमजली घरे एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की सबंध काठ ही एकच लांब इमारत वाटते. १७६७ मध्ये राणी व्होल्गेच्या सफरीला निघाली ती येथूनच, ‘त्वेर’ नावाच्याच गलबतातून. हे सारे देखणे आहे, पण सांगून केलेले देखणेपण आहे. सायबेरियातून सुटल्यावर १८५९ मध्ये काही महिने येथे राहिलेल्या दोस्तोयेव्हस्कीला हे गाव मुळीच आवडले नाही.

वीष्नी वोलोचोकच्या कालव्याने व्होल्गेचे धान्य पीटर्सबर्गला जात होते तोवर नावाड्यांची वर्दळ होती. १८५१ मध्ये दोन्ही राजधान्यांना जोडणारी रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि नदीचे महत्त्व ओसरले. मग मोरोझोव्ह घराण्याची कापडगिरणी वाढली. तिच्या कामगारांच्या लाल विटांच्या चाळी अजून उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीला लोक ‘पॅरिस’ म्हणतात. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटत नाही. १८९८ पासूनचा रेल्वेडब्यांचा कारखानाही येथे आहे. तो ज्या उद्योगसमूहात आहे, त्याच समूहाच्या भारतीय रेल्वेच्या एका सरकारी कंपनीबरोबरच्या भागीदारीत लातूरला वंदे भारतचे डबे बांधायचा करार झालेला आहे.

विसाव्या शतकाबद्दल लिहिताना हात जरा आखडतो. १९३१ मध्ये गावाचे नाव बदलून कालिनिन केले गेले, ते १९९० पर्यंत तसेच होते. सोनेरी कळसाच्या चर्चच्या जागी सतराव्या शतकात उभे राहिलेले कॅथेड्रल १९३५ मध्ये सुरुंगाने उडवले. ओत्रोच मठ पाडून, एक चर्च तेवढे ठेवून, त्वेर्त्साच्या मुखाशी खांबांची आणि मनोऱ्याची भव्य बोटवाहतूक कचेरी बांधली, तिचा मधला भाग २०१७ मध्ये कोसळला. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन फौजा आल्या आणि १६ डिसेंबरला हटवल्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९४० च्या वसंतात, सहा हजारांहून अधिक पोलिश कैद्यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी याच गावात एका इमारतीच्या तळघरात रात्री-रात्री गोळ्या घातल्या आणि जवळच्या मेद्नोये गावापाशी पुरले. ती इमारत पुढे वैद्यकीय महाविद्यालयाकडे आली. पहिल्या वर्षी मी तिच्या पायऱ्या रोज चढत होतो आणि दारावरची स्मृतिफलके वाचण्याइतके रशियन मला येत नव्हते. वाचता आले तेव्हा त्या दिवशीच्या तासाला माझे लक्ष लागले नाही. ती फलके २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. कॅथेड्रल मात्र आता त्याच जागी पुन्हा बांधलेले आहे.

माणसे कशी आहेत, असे विचाराल तर कमी बोलणारी, पण एकदा ओळख पटली की घरच्या लोणच्याची बरणी हातात ठेवणारी. पुष्कळजण पहाटेच्या गाडीने मॉस्कोला कामाला जातात आणि रात्री परत येतात, त्यामुळे दिवसा गाव म्हातारी माणसे आणि विद्यार्थ्यांचे असते. जायचे असेल तर मेमध्ये जा. हिवाळ्यात व्होल्गा गोठते आणि बर्फाला भोके पाडून गळ टाकून बसलेले लोक दिवसभर हलत नाहीत, हे दृश्य एकदा बघण्यासारखे आहे, पण उणे वीसमध्ये ते फार वेळ बघवत नाही. उजव्या काठावरच्या बागेत उभे राहिले की समोर निकितिनचा १९५५ मधला पुतळा दिसतो, त्याचा चौथरा गलबताच्या नाळेसारखा केलेला आहे. त्याच्या स्मरणार्थ आपल्या रेवदंड्यातही २००२ मध्ये एक स्तंभ उभारला गेला.

पूर्वतयारीच्या वर्गात आमच्या रशियन भाषेच्या बाईंनी प्रत्येकाला त्याचे गाव विचारले होते. मी ‘पुण्याजवळ’ म्हटले, तर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. ‘जुन्नर’ म्हटल्यावर त्या थांबल्या आणि फळ्यावर त्यांनी निकितिनच्या जुन्या लेखनातला शब्द लिहिला: ‘च्युनेर’. मग त्यांनी विचारले की त्याने लिहिल्याप्रमाणे तिथला तो खडकावरचा गड चढायला खरोखरच पूर्ण दिवस लागतो का. माझ्या मते तो शिवनेरीच असावा. मी म्हटले, पायऱ्यांच्या वाटेने तासभर पुरतो. त्यांना ते मुळीच आवडले नाही. ‘त्याच्या वेळी पायऱ्या नसतील,’ असे म्हणून त्यांनी फळा पुसला.