सप्टेंबरात राजीनामा लिहू नकोस

मावशी,
मी २८ वर्षांची, बार्शीची. चौथ्या अटेम्प्टला सीए झाले, त्याला दोन वर्षं झाली. पुण्यात एका ऑडिट फर्ममध्ये पगारावर आहे. सप्टेंबर लागला की रात्री अकराच्या आत घर नाही, रविवारही ऑफिसात. पहाटे चारला छातीत धडधडून जाग येते. पास झाले तेव्हा बाबांनी चौकात फ्लेक्स लावला होता. आता ‘मला हे आवडत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगू? आई म्हणते कंपनीत जा, पॅकेज चांगलं असलं की स्थळंही बरी येतात. मला एकच विचारायचंय. प्रॅक्टिसमधलं काम मनापासून आवडणारी माणसं खरंच असतात, की सगळे नुसतं रेटतात?
– सस्पेन्स अकाउंट, पुणे

अगं सस्पेन्स अकाउंट,

टोपणनाव झकास घेतलंस. (बाकीच्यांसाठी सांगते: जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही, ती जमाखर्चात या खात्यात ठेवतात. तात्पुरती.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे सांगलीत सदतीस वर्षं प्रॅक्टिसमध्ये होते, तेव्हा तुझा प्रश्न मी परस्पर त्यांच्याकडेच टाकला. “आवडायचं का हो तुम्हाला?” पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “एप्रिल आवडायचा. सप्टेंबर नाही. आणि वसुली कधीच नाही.”

वसुलीचं आधी उरकते. क्लायंट रात्री दहाला फोन करून नोटिशीचं उत्तर मागतो, आणि फीचं बिल गेलं की “बघू, पुढच्या महिन्यात”. तासगावच्या एका बागाईतदाराने दोन वर्षं फीऐवजी बेदाण्याची पेटी पाठवली. बेदाणा उत्तम होता, पण लाइट बिल बेदाण्यात भरता येत नाही. शिवाय सीएला स्वतःहून कामं मागत फिरायला बंदी, त्यामुळे तोंडओळखीवर आलेला माणूस तोडताही येत नाही. उद्या स्वतःचा बोर्ड लावायचा विचार केलास, तर हे धरून चाल.

आता आवडण्याचं. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट असेल, वह्या हातानेच लिहायचे दिवस. एका पेढीची ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा, जुळेना. फरक दोनशे सत्तर रुपयांचा. हे रात्री एकला घरी आले, गार पिठलं-भाकरी जेवले आणि जेवताना चक्क गुणगुणत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, “फरकाला नवाने भाग गेला!” मला ओ की ठो कळेना. मग ताटातल्या भाताच्या शितांनी समजावून सांगितलं: फरकाला नवाने निःशेष भाग गेला, तर बहुतेक कुणीतरी आकडे उलटेपालटे लिहिलेले असतात. ४,५८० च्या जागी ४,८५०. खरोखर तीच नोंद सापडली होती. तो आनंद खोटा नव्हता. पगारवाढीचा आनंद मी पाहिलाय, हा वेगळा होता.

म्हणजे अशी माणसं असतात. माझ्या घरात एक बसलाय. पण हिशेब पुरा सांगायचा तर दुसरी बाजूही लिहायला हवी. त्यांना आवडायचं, घरच्यांना नाही. एका वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी पानं वाढून आम्ही सव्वातीनपर्यंत थांबलो. शेवटी सासूबाईंनीच “वाढा मुलांना” म्हटलं. एकाच्या आवडीचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यात पडतो. तू अजून एकटी आहेस, म्हणून आत्ता सगळा तुझ्याच खात्यात पडतोय.

सप्टेंबरचं म्हणशील तर तो कुणालाच आवडत नाही. ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिट रिपोर्टची तारीख, तीच सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेची, तीच बहुतेक कंपन्यांच्या सभेचीही. मध्ये सात तारखेचा टीडीएस, अकरा आणि वीसचं जीएसटी आहेच. आणि पोर्टल नेमकं तेव्हाच गोल गोल फिरत बसतं. बरं, मुदतवाढ मिळाली तरी सुटका कसली? २०२५ मध्ये मुदत संपायला पाच दिवस उरले असताना तारीख ३१ ऑक्टोबरवर गेली, मग १० नोव्हेंबरवर. सगळ्यांची दिवाळी त्यात गेली. आमचा भाचा भाऊबीजेला लॅपटॉप घेऊन आला होता. ओवाळून घेताना एक डोळा स्क्रीनवर.

म्हणून राजीनाम्याचा निर्णय सप्टेंबरात घेऊ नकोस. बाळंतपणाच्या कळा चालू असताना ‘पुन्हा मूल नको’ म्हणणाऱ्या बाईचं म्हणणं कुणी लिहून घेत नाही. दिवाळीनंतर, आठ दिवस नीट झोप झाली की बोल.

झोपेवरून आठवलं. ती पहाटेची धडधड ३० तारखेपर्यंत ठेवायची गोष्ट नाही. २०२४ मध्ये तुझ्याच पुण्यात, तुझ्याहून लहान सीए मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांत गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र तेव्हा सगळ्यांनी वाचलं. मी घाबरवत नाहीये. पण या आठवड्यात डॉक्टरकडे जा. सरांना ‘सुटी देता का’ असं विचारू नकोस, ‘अमुक वेळेला दवाखान्यात जाते आहे’ असं सांग.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र वर छोटं करून छापलंय, दोन गोष्टी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या. तुझी तक्रार तीन पानांची आहे. त्यात मध्येच आठ ओळी आहेत, एप्रिलमधल्या बँक शाखेच्या ऑडिटच्या. लातूरकडची छोटी शाखा, पंखा बंद, लॉजवर ढेकूण. कर्जदार एक आडत व्यापारी, त्याची कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाची फाइल. तू स्टॉक स्टेटमेंट्स (किती माल शिल्लक, ते बँकेला सांगणारे तक्ते) काढलीस: जानेवारीत तूर ४१२ क्विंटल, फेब्रुवारीत ४१२, मार्चमध्येही ४१२. ना विकली, ना नवी आली. तू मॅनेजरना विचारलंस, “साहेब, उंदरांनीसुद्धा खाल्ली नाही का?” ते आधी गप्प झाले आणि मग चहा मागवला. या आठ ओळींत तुझं अक्षरसुद्धा बदललंय. उरलेल्या तीन पानांत ते चिरडलेलं आहे, इथे मोकळं, मोठं. ज्या पोरीला हे काम आवडत नाही, तिला क्विंटलचा आकडा पाच महिन्यांनी पाठ नसतो.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे, दीड ओळीत: “सरांनी परवा एका क्लायंटच्या गोदामाची प्रत्यक्ष मोजणी झाली म्हणून टिक करायला सांगितलं. आम्ही गेलोच नव्हतो. मी अजून केलेली नाही, पण सगळे करतात.” लगेच पुढच्या ओळीत पावसाचं आणि ट्रॅफिकचं.

मला वाटतं तुझी पहाटेची जाग इथून येते. अकरा वाजेपर्यंतचं काम अंगावर येतं, दमवतं, पण माणूस झोपतो तरी. एप्रिलमध्ये दुसऱ्याची कागदावरची तूर तू पकडलीस आणि सप्टेंबरात कागदावरचा माल मोजलाय म्हणून तुलाच लिहायला सांगताहेत. मग कामाचा वीट येणार नाही तर काय?

तेव्हा ती टिक करू नकोस. भांडूही नकोस. सरांना दोन ओळींची साधी मेल टाक: ‘या गोदामाची मोजणी मी केलेली नाही. कधी जाऊ ते सांगावे.’ बस्स. रिपोर्टवर सही त्यांची, त्यावरचा अठरा अंक-अक्षरांचा यूडीआयएन (सही केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) त्यांचा, पण ‘जाऊन पाहिलं’ हा वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीची नोंद, तुझ्या नावाचा आहे आणि पगारावर असलीस तरी तू सीए इन्स्टिट्यूटची सदस्य आहेस. उद्या काही उलगडलं, तर ‘सरांनी सांगितलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. ते म्हणाले ‘उद्या जा’, तर जा, आणि माझा या फर्मबद्दलचा अंदाज चुकला असं समज. चिडले, किंवा मेल का टाकलीस म्हणून केबिनमध्ये बोलावलं, तर दिवाळीनंतर काय करायचं ते तुझं तुलाच कळेल.

कंपनीत जाण्याबद्दल. जा की, वाईट काहीच नाही. फक्त तिथे सप्टेंबर नसतो अशा समजुतीत जाऊ नकोस. लिस्टेड कंपनीला तिमाहीचे निकाल पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक छोटा सप्टेंबर. वर टेबलाच्या पलीकडे एखादी तुझ्यासारखीच ऑडिटर येऊन उंदरांबद्दल विचारणार! त्यातही इंटर्नल ऑडिट, म्हणजे कंपनीची स्वतःची आतली तपासणी, मिळालं तर बघ. गोदामं, शाखा, कारखाने, सारखं हिंडणं. तुझ्या आठ ओळींवरून वाटतं की तुला खुर्चीपेक्षा शाखा मानवते.

आणि दुसरी फर्म शोधणार असलीस, तर मुलाखतीला सकाळी जा, पण त्याआधी एकदा रात्री आठला त्या इमारतीखाली उभी राहून किती दिवे चालू आहेत ते बघून ये. चहाच्या टपरीवर त्यांचे आर्टिकल्स, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं, भेटतील. ती पोरं खरं बोलतात, त्यांना लपवण्यासारखं अजून काही नसतं. भागीदार किती आणि टॅक्स ऑडिट किती, हे विचारायला लाजू नकोस. एका भागीदाराला वर्षाला साठाची मर्यादा असते. सगळे साठाला टेकलेले आणि हाताखाली दोन माणसं, तर मोजण्या कुठे होत असतील ते तुला माहीत आहे.

स्थळांबद्दल आईशी मी वाद घालणार नाही. पॅकेज बघून येणारं स्थळ पॅकेज गेलं की कसं वागतं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

राहिला फ्लेक्स. तो केव्हाच फाटला असेल गं, किंवा कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून पडला असेल. तुझ्या बाबांनी तो लावला तो तीन वेळा नापास होऊन चौथ्यांदा बसलेल्या मुलीसाठी. त्या तीन निकालांच्या दिवशी घरात कसं वातावरण असेल याची मला कल्पना आहे, आणि तेव्हाही ते तुझ्या बाजूने उभे होतेच ना? ‘काम आवडतं, ऑफिस नाही’ एवढं वाक्य त्यांना फोनवर सांग. स्पष्टीकरण नको. त्यांना टिकचं सांगितलंस तर त्याहून बरं. माझ्या अंदाजाने ते तुझ्याआधी चिडतील.

जमलं तर एक दिवस बार्शीला जाऊन ये. एका दिवसाने कुठलाच ऑडिट रिपोर्ट अडत नाही, हे ह्यांना सदतीस वर्षांनी पटलंय.

आणि त्या ४१२ क्विंटल तुरीचं पुढे काय झालं, गोदामात निघाली का, ते तू लिहिलंच नाहीस. ह्यांनी कालपासून दोनदा विचारलंय. कळव.

तुझी,
मावशी